मागच्या खोलीचं माप

५ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कारखान्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं आहे आणि सल्ला विचारायला तुला सख्ख्या भावाखेरीज कोणी सापडलं नाही, हे वाचून तुझ्या कारखान्याची काळजी वाटली. अर्धं आयुष्य मी मुलांना संस्कृत शिकवलं. त्यातली बरीचशी पुढे संगणकात शिरली, मी मात्र बाहेर चपला सांभाळत बसलो.

फोन का करत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि दुसऱ्या बाजूला कुणालातरी रागावत असतेस. कागदावर निदान वाक्य पुरं करतेस.

तर मला समजलं ते असं. आजाऱ्यांचे पलंग करणं हा आपला बाबांपासूनचा धंदा. गिऱ्हाईक आलं की मापकाका त्याच्या घरी जातात, खोली मोजतात, कठडा कुठल्या बाजूला हवा, डोक्याकडचा भाग उचलता यायला हवा की पायाकडचा, चाकं हवीत की नकोत, ते विचारतात आणि परत येऊन किंमत सांगतात. कुठल्या कठड्याला कुठली गादी चालत नाही हे सगळं त्यांच्या डोक्यात. आणि आता ते डोकं लेकीकडे राहायला निघालं आहे. म्हणून तुला असा प्रोग्राम हवा, जो हेच प्रश्न विचारेल, न जुळणाऱ्या गोष्टी जुळू देणार नाही आणि शेवटी कोटेशन हातात देईल. थोडक्यात, मापकाकाच, पण चहा न मागणारे.

इथवर ठीक. पण बाबांचा नियम तुझ्या लक्षात आहे ना? घरात आजारी माणूस असल्याशिवाय खोली मोजायची नाही. आणि पलंग नकोसा झाला, कुठल्याही कारणानं, तर माप घरच्यांसमोर फाडायचं. मग हे प्रोग्राम तू तपासणार तरी कशावर?

तुझी वहिनी विचारते, जेवतेस का वेळेवर. मी सांगितलं, मालक लोक वेळेवर जेवत नाहीत, वेळेवर फक्त ओरडतात.

तुझा
दादा

—

१४ जून

ती. पंडितदादास,
सा. न. वि. वि.

नियम मला आठवतो आणि सगळ्या कारखान्यालाही आठवतो. तीच तर अडचण झाली. तीन कंपन्यांनी आपापला प्रोग्राम महिनाभर फुकट वापरायला दिलाय. पण तिघेही पहिल्याच पानावर खोलीची लांबी-रुंदी विचारतात. मी म्हटलं, टाका काहीतरी, दहा बाय बारा. मापकाका म्हणाले, "नसलेल्या आजाऱ्याचं माप मी देणार नाही, बाई. तुमच्या वडिलांनी मला त्यासाठी ठेवलं नव्हतं." आणि चष्मा पुसत बसले. शेवटी मी तुझ्या घरातली मागची खोली टाकली. कारखान्याजवळ राहायला येण्याआधी मी तिथेच झोपायचे, तिचा कोपरान् कोपरा मला पाठ आहे. आपल्याच घरची, रिकामीच असते, कुणाला दोष लागायचा नाही. असं आपलं मला वाटलं.

निर्णय लवकर हवाय. पलीकडच्या कारखान्यानं असा प्रोग्राम कधीच घेतला. गिऱ्हाइकानं सकाळी विचारलं की दुपारी कोटेशन. आमचं जाईपर्यंत त्यांचा पलंग घरात पोचलेला असतो. काम निम्म्यावर आलंय. मापकाका गेले की उरलेलंही जाईल. मग वेल्डिंगच्या लोकांना काय सांगू, भावाकडून चार सुभाषितं घेऊन जा म्हणून?

पहिला प्रोग्राम हुशार आहे. त्याला आपली जुनी कोटेशनं वाचायला दिली. शिकवायला कंपनीची एक बाई येते, बोलायला फार चटपटीत. म्हणाली, "मॅडम, तुम्ही अर्धे प्रश्न सोडून द्या. उरलेलं तो स्वतः भरतो." मी नुसती खोली टाकली आणि बाकी सगळं सोडलं. त्यानं भरलं. डाव्या बाजूला उंच कठडा. डोक्याकडचा भाग उचलणारा. पलंग बुटका, म्हणजे माणसाला धरून बसवता यावं असा. आणि वापर किती दिवस, या प्रश्नापुढे: कायमचा.

मी ते पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पुन्हा तसंच भरलेलं.

दादा, तुझी तब्येत कशी आहे? डावा हात वगैरे ठीक आहे ना? सहज विचारते.

तुझी
ठकू

—

२० जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी "सहज" म्हणून माझ्या वहीवर शाई सांडायचीस. तेव्हापासून या शब्दाची मला धास्ती आहे.

आमच्या शास्त्रात डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे असं अनुमान करतात. तुझं यंत्र नुसता डोंगर बघून विस्तव सांगतं. याला अनुमान म्हणत नाहीत, भोचकपणा म्हणतात. आमच्या गल्लीत अशी दोन माणसं आहेत, आणि त्यांना कोणी महिनाभर फुकट वापरूनही बघत नाही.

तब्येत उत्तम. म्हणजे होती. परवा चहाचा कप हातातून पडला, आणि तोही डाव्या. तुझ्या वहिनीनं केरसुणी घ्यायच्या आधी तुझं पत्र काढून वाचलं. मी म्हटलं, कपाचा कान तडकलेला होता. ती म्हणाली, "कान तुमचाही तडकलेलाच आहे. डॉक्टरकडे चला म्हटलेलं ऐकू येत नाही."

तरी एक सांगतो, हसू नकोस. काल मी मागच्या खोलीत जाऊन आलो. तिथे जुन्या वह्या आणि एक मोडका पंखा, बाकी काही नाही. पण दारात उभा राहिलो आणि कठडा कुठे येईल, उशी कुठे येईल, हे माझ्या डोळ्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं. इतकी वर्षं ती नुसती खोली होती. आता ती पलंग नसलेली खोली झाली आहे.

दुसऱ्या प्रोग्रामला आपलं एकही जुनं कोटेशन दाखवू नकोस. तो बिचारा काय म्हणतो ते बघ. साक्षीदार वेगवेगळे बसवून विचारावेत, एवढी अक्कल तर पोलिसांनाही असते.

तुझा
दादा

—

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. दुसरा प्रोग्राम जडबुद्धी आहे, पानामागून पान उघडत बसतो. त्याला काहीही वाचायला दिलं नाही. फक्त खोली टाकली आणि "सुचवा" दाबलं. डावा कठडा. बुटका पलंग. कायमचा. आणखीही एकदोन गोष्टी भरल्या, त्या सांगण्यासारख्या नाहीत.

तिसरा दोघा भावांनी घरच्या घरी केलेला आहे, दिसायलाही तसाच. त्याला खोली दिली आणि वाट बघत बसले. त्यानं बाकीच्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच ओळ लिहिली: घरी विचारा. मापकाकांना दाखवलं तर पहिल्यांदाच हसले. पण असल्या प्रोग्रामनं पलीकडच्यांची बरोबरी कशी करायची? घरी विचारायला माणूस पाठवायचा, तर प्रोग्राम हवा कशाला?

महत्त्वाचं. त्या पहिल्याला मी तुझा पत्ता दिला होता, घराचा आणि ईमेलचा. त्यानं कोटेशन आपणहून तुला पाठवलंय, हे आज कळलं. खाली "मान्य" असं बटण असेल. ते दाबू नकोस. दाबलं की काम थेट कारखान्यात जातं, मध्ये कुणाचा हात लागत नाही. तीच त्यांची मोठी खुबी म्हणे. आमच्या लोकांना तर समोर आलेलं काम करायचं एवढंच माहीत.

आणि डॉक्टरकडे जा. माझ्यासाठी म्हणून जा.

ठकू

—

६ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. कोटेशन चार दिवसांपूर्वीच आलं होतं. पुढे काय झालं असेल याचं अनुमान माझ्या स्वभावावरून तुला करता येईल, यंत्र नको.

मला वाटलं, तू माझी चेष्टा करते आहेस. म्हणून मीही केली. "मान्य" दाबल्यावर पडद्यावर हिरवा पलंग नाचला आणि आभार मानले गेले. इतक्या आदबीनं माझे आभार शाळेनंही निरोप समारंभात मानले नव्हते.

डॉक्टरकडे जाऊन आलो. तुझी वहिनी बरोबर होती, पळून जाऊ नये म्हणून. त्यांनी हातोडीनं गुडघे वाजवले, डोळ्यांत दिवा मारला, रक्त काढलं, यंत्रात घालून फोटोही काढले. सगळं पाहून म्हणाले, "मास्तर, तुम्हाला काही झालेलं नाही. कप चांगला घ्या." तेव्हा कपाचाच कान. वहिनीनं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तर निश्चिंत हो. पलंग येऊ दे, मी त्यावर वह्या ठेवीन. आत्ता तुला लिहितालिहिता ते कोटेशन चष्मा लावून पहिल्यांदाच नीट वाचतो आहे. भाषा भयंकर आहे. "वापरणाऱ्या व्यक्तीची उंची: पाच फूट दोन इंच." बघ, मी पाच फूट नऊ. हा पलंग माझा असता तर पाय बाहेर लोंबले असते. तुझी वहिनी पाच फुटांच्या आत, हे ती मान्य करत नाही ती गोष्ट वेगळी. मग पाच फूट दोन म्हणजे

ठकू, हे वाक्य अर्धं टाकून मी उठलो होतो. अंगणात जाऊन आलो. आता पुन्हा बसलो आहे.

तुझा डावा हात कसा आहे? लगेच लिही. मी सहज विचारत नाही.

दादा

—

१७ जुलै

ठकू,

उत्तर नाही. फोन केला की तुझी माणसं सांगतात, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. कसली ही मीटिंग, जी दहा दिवस चालते?

पलंग आला. दोघं जण घेऊन आले. मी म्हटलं, "पुढच्या खोलीत ठेवा, मग बघू." एकजण म्हणाला, "नाही साहेब, जागा ठरलेली आहे." आणि मला न विचारता सरळ मागच्या खोलीत गेले, कधी न आलेल्या घरात. वह्या बाजूला केल्या, पलंग मांडला. दार उघडताना त्याला लागत नाही आणि भिंतीशीही फट राहत नाही. सही कुठे करू विचारलं तर म्हणाले, "तुम्ही मान्य केलंय ना, झालं की मग."

तुझ्या वहिनीनं त्यावर धुतलेली चादर घातली. घातल्याबरोबर ओढून काढली. म्हणाली, "मी कुणासाठी अंथरतेय?" तेव्हापासून ते दार आम्ही ओढून घेतो. दुपारी जेवताना दोघांच्याही पाठी त्या दाराकडे येऊ नयेत म्हणून आम्ही पाटाच्या जागा बदलल्या. कोणी कुणाला सांगितलं नाही, बसतानाच बदलल्या गेल्या.

लिही.

दादा

—

२३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उंची पहिल्याच दिवशी भरलेली होती. तुला लिहिताना मी ती गाळली. तुझ्या तब्येतीची चौकशी केली, कारण स्वतःची करायची नव्हती.

जानेवारीपासून डाव्या हाताची बोटं ऐकत नाहीत. आता मी आधी बटणं लावते आणि मग बाहीत हात घालते. मे महिन्यात पाय ओढायला लागला. कारखान्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. मालकीण आली की लोक आपल्या हातांकडे बघतात, तिच्या पायांकडे नाही.

यंत्राला कसं कळलं, मला माहीत नाही. माझ्याबद्दल एक अक्षर मी कुठे घातलं नव्हतं. कंपनीच्या बाईला विचारलं, तुमचा प्रोग्राम लिहिणाऱ्यावर नजर ठेवतो का? ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली. वरच्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, तशी सोयच नाही आमच्यात. दुसऱ्या कंपनीनंही तेच. त्या दिवसापासून ती बाई माझ्या डाव्या बाजूला बसत नाही.

पण एक झालं, निवड सोपी झाली. मी पहिलाच घेते. जो बरोबर सांगतो तो घ्यायचा, यात न्यायशास्त्र काढू नकोस. त्याचा पुढचा भागही आहे. तो घेतला तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी त्याच्या घरी कोटेशन पोचतं. पलीकडच्यांना बघतच राहावं लागेल. कारखाना चालेल, मी नसले तरी चालेल. करार पुढच्या बुधवारी.

मग मी तुझ्याकडे येते. पलंग आलाच आहे. डॉक्टर नकोत. दोघांनी न विचारता एकच सांगितलं, तिसऱ्याला पैसे देऊन कशाला विचारू? वहिनीला सांग, चादर घातली तरी चालेल.

ठकू

—

२५ जुलै

ठकू,

सही करू नकोस. मी उद्या निघतो आहे, पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून दुप्पट तिकीट लावतो आहे.

दोन यंत्रांनी तुला पलंग सांगितला. आजार कुणी सांगितला? औषध कुणी सांगितलं? त्यांच्याकडे पलंगाखेरीज दुसरं उत्तरच नाही. सुताराला विचारलंस तर तो लाकूड सांगणारच. आणि तू बाबांची मुलगी. बाबांनी आयुष्यभर आजाऱ्याला आधी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" आणि मग फूटपट्टी काढली. तू फूटपट्टीपाशीच आडवी झालीस.

तुला डॉक्टरकडे नेणार आहे. चालत आलीस तर चालत, नाहीतर खांद्यावर. लहानपणी नेलेलं आहे, तेव्हा तू आतापेक्षा कमी भांडायचीस.

तो पलंग तुझ्यासाठी इथे राहणार नाही. त्याचं मी बघतो.

दादा

—

१० ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

घरी येऊन कपडे घेतले, उद्या परत निघतो. ही चिठ्ठी आज रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्या एकाच्या हाती देतो, तुझ्या उशाशी माझ्याआधी पोचेल. परवा ऑपरेशन. मानेतल्या गाठीचं नाव मी तीनदा लिहून घेतलं, तरी लक्षात राहत नाही. माझ्या मते चुकीचा समास केला आहे. पण डॉक्टर म्हणाले ती निघते, आणि वेळेत आलात. तेवढं वाक्य शुद्ध होतं.

तू विचारलंस, पलंगाचं काय केलं. तुझ्याकडे निघायच्या दिवशीच दिला. समोरची शिवणवाली बाई, जिच्या मशीनचा आवाज दिवसभर चालतो, ती सकाळी दारात आली. तुझी वहिनी आणि ती बोलत होत्या. मला म्हणाली, "मास्तर, एवढा थोरला पलंग कुणासाठी आणलात?"

"कुणासाठी नाही."

"मग मला द्या की. जमिनीवर झोपून माझी कंबर धरते. कठडा आहे तो बरा, कपडे वाळत घालीन."

तुझी वहिनी मला आत घेऊन गेली. म्हणाली, "तिला नका देऊ. मोडून भंगारात घाला." मी म्हटलं, केलेला पलंग आपण मोडत नाही. त्या दिवशी तिनं माझा डबा बांधला नाही.

घर हलकं झालं आहे. मागच्या खोलीत पुन्हा वह्या ठेवल्या.

तुझा
दादा

—

२ सप्टेंबर

ती. पंडितदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र टेबलाशी बसून लिहिते आहे आणि कागद डाव्या हातानं धरला आहे. सकाळी बाहीत आधी हात घातला, मग बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं, ते तसंच मिरवते आहे. डॉक्टर म्हणाले, पायाला वेळ लागेल, पण येईल.

काल कारखान्यात गेले. तिसऱ्या प्रोग्रामवर सही केली, त्या दोघा भावांच्या. तो खोली आणि किंमत सांभाळेल. पलंग कुणासाठी, हे विचारायला आपला माणूस घरी जाईल. मापकाका जाण्याआधी दोघांना तयार करताहेत. पलीकडच्यांपेक्षा उशीर होईल, काही कामं जातील. जाऊ देत. पहिल्या दोन्ही कंपन्यांकडून तुझ्या खोलीचं माप पुसून घेतलं, तसं लेखी घेतलं. चटपटीत बाई स्वतः आली होती. या वेळी डावीकडे बसली.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

रात्री वहिनीचा फोन आला होता. शिवणवालीचं तिनं सांगितलं. पंधरा ऑगस्टच्या आसपास म्हणे सकाळी उठायला गेली आणि उठताच आलं नाही. डावी बाजू पूर्ण गेली. बोलताही येत नाही. तू एवढ्या वेळा हॉस्पिटलात आलास, माझ्या उशाशी बसलास, विनोद सांगितलेस. हे सांगितलं नाहीस.

वहिनी फोनवर रडली नाही. फक्त म्हणाली, "त्यांना विचार."

म्हणून विचारते. दादा, पलंग देताना तू त्या बाईला तिची उंची विचारली होतीस का?

ठकू

—

८ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

बटण चुकीच्या काजात गेलं हे वाचून फार बरं वाटलं. पाय रोज हलव. तिसरा प्रोग्राम घेतलास हे चांगलं केलंस.

समोर मी रोज सकाळी जातो. तिचा भाऊ आला आहे, त्याला दुपारी तरी डोळा लावता यावा म्हणून तेव्हाही जाऊन बसतो. तिला वाचून दाखवतो. ती ऐकते की नाही ते कळत नाही, उजव्या हातानं मशीनखाली कापड सारावं तशी चादर पुढे सरकवत राहते. डोक्याकडचा भाग उचलला की घास नीट जातो. पलंग बुटका आहे म्हणून भावाला एकट्याला बसवता येतं. कठडा बरोबर बाजूला आहे.

तुझी वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते.

तू विचारलंस त्याचं उत्तर. विचारली नव्हती. त्या सकाळी ती तुझ्या वहिनीशेजारी दारात उभी होती, तिच्याहून चारेक बोटं उंच, आणि तुझ्या वहिनीची उंची मला माहीत आहे. आत गेल्यावर वहिनी म्हणाली होती, "द्यायचाच असेल तर दुसऱ्या कुणाला द्या, एखाद्या उंच माणसाला द्या."

मी म्हटलं, उंच माणसाला तो पुरणार नाही.

तुझा
दादा